‘बसवा आणि विसरा’: दातांच्या इम्प्लांटची साठ वर्षं

आजचा भाग घरातल्या गोष्टीपासून सुरू करतो.

मागच्या दिवाळीत बाबांनी चकलीचा तुकडा तोंडात टाकला आणि गालावर हात ठेवून थांबले. खालचा डावीकडचा दात हलत होता. सत्तरीच्या माणसाचा दात हलला यात काय विशेष, असं तुम्ही म्हणाल. पण तो दात त्यांचा नव्हता. आठ वर्षांपूर्वी बसवलेलं इम्प्लांट होतं ते. म्हणजे जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू आणि त्याच्यावर कॅप. तेव्हा दवाखान्यात सांगितलं होतं, “काका, हे आता आयुष्यभराचं. बसवा आणि विसरा.” बाबांनी ते अक्षरशः पाळलं. विसरले.

या वेळी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक्सरे काढून स्क्रीन आमच्याकडे वळवली आणि म्हणाल्या, “स्क्रूला काही झालेलं नाही, काका. भोवतीचं हाड गेलंय.” स्क्रू काढावा लागला.

त्या रात्री मला एकच प्रश्न पडला होता. हा ‘आयुष्यभर’ शब्द आला कुठून? शोधत शोधत मी थेट स्वीडनला पोचलो.

१९५० च्या दशकात लुंड विद्यापीठात पेर-इंगवार ब्रोनेमार्क नावाचा तरुण संशोधक हाडातल्या रक्तप्रवाहाचा अभ्यास करत होता. दातांशी त्याचा काही संबंध नव्हता. सशाच्या पायाच्या हाडात तो टायटॅनियमची एक बारीक नळी बसवायचा आणि त्यातून सूक्ष्मदर्शकाने जिवंत हाडातलं रक्त वाहताना बघायचा. नळी महाग, त्यामुळे प्रयोग संपला की ती काढून पुन्हा वापरायची होती. पण ती निघेचना! हाड धातूला इतकं घट्ट धरून बसलं होतं की दोघांना वेगळं करता येईना.

हे नवल का होतं, ते सांगतो. धातूचे दात बसवायचे प्रयत्न आधीही झाले होते. १९३० च्या दशकात अमेरिकेत व्हायटॅलियम या मिश्रधातूचे स्क्रू वापरले गेले. १९४० च्या दशकात हिरडीखाली, हाडावर धातूची जाळी बसवायची पद्धत आली. १९६० च्या दशकात पात्यासारखी इम्प्लांट आली. काही वर्षानुवर्षं टिकलीसुद्धा. पण बऱ्याचदा धातू आणि हाड यांच्यामध्ये मऊ तंतूंचा थर तयार व्हायचा, इम्प्लांट डुगडुगायला लागायचं आणि जंतुसंसर्ग व्हायचा. शरीर धातूला हाडाशी थेट जुळू देणारच नाही, असं तेव्हा बहुतेक तज्ज्ञ मानत. टायटॅनियमवर मात्र हवेत आपोआप ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो. त्यामुळे तो शरीरात गंजत नाही आणि हाडाच्या पेशी त्याला खेटून वाढतात. ब्रोनेमार्कने या जुळण्याला पुढे नाव दिलं, ऑसिओइंटिग्रेशन.

आता १९६५ मध्ये या. गाव गोथेनबर्ग, माणूस येस्ता लार्सन, वय ३४. जन्मतः टाळू दुभंगलेला, जबड्याची ठेवण बिघडलेली, खालचे दात नाहीत. कवळी धड बसायची नाही. ब्रोनेमार्कने त्याच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे चार स्क्रू बसवले, हाड जुळेपर्यंत काही महिने थांबला आणि मग त्यांच्यावर दात चढवले. लार्सन २००६ मध्ये वारला, तोपर्यंत ते इम्प्लांट कामात होते. चाळीस वर्षांहून जास्त!

म्हणजे ‘आयुष्यभर’ हा शब्द अगदीच हवेतला नाही. एका माणसाच्या बाबतीत तो खरा ठरला होता. पण एका माणसावरून सगळ्यांना वचन देता येतं का?

स्वीडनमधल्या दंतवैद्यांनाही तोच संशय होता. ब्रोनेमार्क मुळात शरीररचनाशास्त्राचा माणूस, दंतवैद्य नव्हे. त्याला कित्येक वर्षं विरोध सहन करावा लागला. शेवटी १९८१ मध्ये त्याच्या गटाने पंधरा वर्षांचा हिशोब मांडला: ३७१ रुग्ण, २७६८ स्क्रू. त्यातल्या पाच ते नऊ वर्षं नजरेखाली ठेवलेल्या गटात वरच्या जबड्यातले ८१ टक्के आणि खालच्या जबड्यातले ९१ टक्के स्क्रू पक्के होते. आणि त्यांच्यावरचे खालचे ब्रिज? १०० टक्के!

इथे जरा थांबा. स्क्रू मोजले तर ९१, ब्रिज मोजले तर १००. कारण एक ब्रिज अनेक स्क्रूंवर उभा असतो. एखादा गेला तरी बाकीचे त्याला सांभाळतात. दोन्ही आकडे खरे आहेत. काय मोजलं, यावर ‘यश’ किती ते ठरतं.

१९८२ मध्ये टोरंटोच्या परिषदेत हे काम उत्तर अमेरिकेपुढे आलं आणि दारं उघडली. १९८६ मध्ये ब्रोनेमार्कचे सहकारी टोमास आल्ब्रेक्टसन आणि इतरांनी यशाचे निकष लिहिले. इम्प्लांट हलता कामा नये, दुखता कामा नये, जंतुसंसर्ग नको आणि पहिल्या वर्षानंतर हाडाची झीज दरवर्षी ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी हवी. असं यश पाच वर्षांनी किमान ८५ टक्के आणि दहा वर्षांनी किमान ८० टक्के मिळायला हवं. म्हणजे ज्यांनी ही गोष्ट घडवली, त्यांनीसुद्धा ‘१०० टक्के, कायमचं’ असं लिहिलं नव्हतं. जाहिरातीत टक्के आले आणि अटी गळाल्या.

मग इम्प्लांट जगभर पसरलं. ते निवडक केंद्रांतून गल्लीतल्या दवाखान्यात आलं, आणि लार्सनसारख्या रुग्णांकडून तुमच्या-माझ्या घरात. तेव्हा पुन्हा स्वीडनमध्येच कोणीतरी विचारलं, की साध्या लोकांच्या तोंडात याचं काय होतंय? राष्ट्रीय विमा नोंदींमधून रुग्ण निवडले आणि इम्प्लांट बसवून नऊ वर्षं झालेल्या सुमारे ६०० जणांना तपासलं. अहवाल साधारण दहा वर्षांपूर्वी आला. किमान एक इम्प्लांट गमावलेले रुग्ण होते ७.६ टक्के. छान! पण इम्प्लांटभोवती रक्त येणं आणि हाड झिजणं, म्हणजे पेरी-इम्प्लांटायटिस, आढळलं ४५ टक्के रुग्णांत. त्यातली बरीच प्रकरणं सौम्य होती; २ मिलिमीटरहून जास्त हाड गेलेले १४.५ टक्के. ज्यांना आधीपासून हिरड्यांचा आजार होता, त्यांना धोका जास्त. आणि सिगरेट ओढणाऱ्यांत इम्प्लांट सुरुवातीलाच निकामी होण्याचं प्रमाण जास्त.

माझे बाबा दोन्ही यादीत. मूळ दात गेला तोच पायरियाने. आणि जेवणानंतरची सिगरेट चाळीस वर्षांची.

मग त्यांना आधी कळलं कसं नाही? मूळ दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंची एक बारीक गादी असते. ती दाब ओळखते आणि दात सैल व्हायला लागला की जाणवतं. इम्प्लांटला ती गादी नाही. किटण साचतं, हिरडी सुजते, वरून हाड झिजत खाली जातं. पण तळाशी थोडं हाड शिल्लक असेपर्यंत स्क्रू खांबासारखा घट्ट! दुखणंही बहुधा नसतं. ब्रश करताना रक्त दिसतं, तेवढीच काय ती सूचना. बाबांना दोन वर्षं रक्त दिसत होतं. “नकली दाताला काय होणार?” म्हणून ते गप्प राहिले. आणि खरं सांगतो, मीही कधी विचारलं नाही.

बाकीच्या भानगडीही असतात. कॅप तुटते, जोडणीचा स्क्रू सैल होतो, क्वचित शस्त्रक्रियेत नस दुखावून ओठ बधिर होतो. पण कॅप बदलता येते, स्क्रू आवळता येतो. गेलेलं हाड परत आणणं फार अवघड.

हे ऐकून कोणी घाबरून इम्प्लांट रद्द करू नका. दहा वर्षांनी शंभरातली नव्वदहून जास्त इम्प्लांट जागेवर असतात, असं अनेक अभ्यास सांगतात. वैद्यकात हा उत्तम निकाल आहे. माझं भांडण फक्त ‘विसरा’ या शब्दाशी आहे. ब्रोनेमार्कचा गट रुग्णांना पुन्हा पुन्हा बोलवून एक्सरे काढत राहिला, म्हणून तर १९८१ चे ते आकडे आपल्या हातात आहेत. आपण त्यांचा स्क्रू उचलला आणि वही तिथेच सोडून आलो.

तर काम सांगतो. घरात कोणाला इम्प्लांट असेल तर आज जेवताना विचारा: शेवटचा एक्सरे कधी काढला? ब्रश करताना रक्त येतं का? आणि बसवायचं असेल तर डॉक्टरांना आधी विचारा: पुढच्या तपासण्या किती महिन्यांनी, आणि त्यांचा खर्च किती?

बाबांची सिगरेट सुटून चार महिने झालेत. नवीन इम्प्लांट बसवायचं की नाही, ते हाड भरल्यावर ठरेल. तोवर चकली दुधात बुडवून चालू आहे.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.