सॉफ्टवेअर पुरवठा साखळी

एखादे सॉफ्टवेअर वापरणाऱ्याच्या हाती पडेपर्यंत त्याच्या घडणीत आलेले घटक, साधने, माणसे आणि टप्पे यांना मिळून सॉफ्टवेअर पुरवठा साखळी म्हणतात. प्रोग्रामरने स्वतः लिहिलेला सोर्स कोड, त्यात वापरलेल्या इतरांच्या लायब्ररी, कोडपासून चालते सॉफ्टवेअर तयार करणारे कंपायलर व बिल्ड सर्व्हर, तयार पॅकेजे साठवणारी भांडारे आणि अपडेट पोहोचवणारी यंत्रणा या साखळीच्या मुख्य कड्या होत. यांपैकी एका कडीत घातपात झाला, तर तो पुढच्या सर्व ग्राहकांपर्यंत पोहोचतो. म्हणून साखळीची सुरक्षा हा २०२० नंतरच्या सॉफ्टवेअर अभियांत्रिकीतील एक प्रमुख प्रश्न ठरला आहे.

स्वरूप : आजचे सॉफ्टवेअर जेवढे लिहिले जाते, त्याहून अधिक जोडले जाते. तारखांचा हिशेब, फाइल आकुंचित करणे, नोंदी ठेवणे, संदेश कूटबद्ध करणे अशा कामांसाठी मुक्तस्रोत लायब्ररी विनामूल्य मिळतात. जावास्क्रिप्टसाठी एनपीएम, पायथनसाठी पायपीआय आणि जावासाठी मेव्हन सेंट्रल ही त्यांची मोठी भांडारे आहेत. प्रोग्रामर पॅकेजचे नाव एका ओळीत लिहितो. पॅकेज मॅनेजर ते पॅकेज, त्याला लागणारी इतर पॅकेजे आणि त्यांनाही लागणारी आणखी पॅकेजे उतरवून घेतो. अशा रीतीने दहा-बारा पॅकेजे मागवणाऱ्या प्रकल्पात शेकडो पॅकेजे येऊन बसू शकतात. मागवलेल्या पॅकेजांना प्रत्यक्ष आणि त्यांच्या मागोमाग आलेल्यांना अप्रत्यक्ष डिपेंडन्सी म्हणतात. अप्रत्यक्ष डिपेंडन्सींची नावेही पुष्कळदा प्रकल्पातील कोणाला ठाऊक नसतात.

पार्श्वभूमी : या प्रश्नाचे तात्त्विक रूप युनिक्सच्या जनकांपैकी एक केन टॉम्पसन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या निमित्ताने केलेल्या आणि १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात मांडले. कंपायलरमध्येच चोरवाट लपवली, तर प्रोग्रामचा सोर्स कोड कितीही बारकाईने वाचला तरी ती सापडणार नाही, असे त्यांनी दाखवून दिले. व्यवहारातील धोका एप्रिल २०१४ मध्ये ठळक झाला. ओपनएसएसएल या जगभर वापरल्या जाणाऱ्या कूटलेखन लायब्ररीत ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी आढळली, तेव्हा या लायब्ररीची देखभाल मोजक्या माणसांच्या बळावर चालल्याचे उघड झाले.

प्रमुख घटना : मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रामरने नावाच्या वादातून आपली सर्व पॅकेजे एनपीएमवरून काढून घेतली. त्यांत मजकुराच्या डाव्या बाजूला रिकाम्या जागा भरणारे अकरा ओळींचे ‘लेफ्ट-पॅड’ होते. त्यावर विसंबलेल्या असंख्य प्रकल्पांचे बिल्ड बंद पडले. एनपीएमने ते पॅकेज त्याच दिवशी परत आणले आणि पॅकेज काढून घेण्याचे नियम कडक केले.

डिसेंबर २०२० मध्ये सोलरविंड्स या अमेरिकी कंपनीच्या ‘ओरायन’ सॉफ्टवेअरमधील घातपात उघडकीस आला. हल्लेखोरांनी कंपनीच्या बिल्ड यंत्रणेत शिरून अपडेटमध्येच आपला कोड मिसळला होता. त्या अपडेटवर कंपनीची अस्सल डिजिटल स्वाक्षरी असल्याने सुमारे १८,००० ग्राहकांनी ते नि:शंकपणे उतरवून घेतले. त्यांपैकी निवडक संस्थांमध्ये, अमेरिकी सरकारी खात्यांसह, हल्लेखोरांनी पुढे शिरकाव केला. अमेरिकेने याची जबाबदारी रशियाच्या परदेशी गुप्तचर सेवेवर ठेवली.

डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीतील ‘लॉगफोरशेल’ ही त्रुटी जाहीर झाली. नोंदीत विशिष्ट मजकूर आला, की ही लायब्ररी तो आज्ञा समजून दूरच्या सर्व्हरवरून कोड आणून चालवत असे. तीव्रतेचे दहापैकी दहा गुण मिळालेली ही त्रुटी दुरुस्त करण्याआधी अनेक संस्थांना आपल्याकडे लॉगफोरजे नेमके कुठे कुठे आहे, हेच शोधत बसावे लागले.

२९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ‘एक्सझेड युटिल्स’ या फाइल आकुंचनाच्या साधनातील चोरवाट जाहीर केली. ‘जिया टॅन’ हे नाव धारण केलेल्या व्यक्तीने दोनेक वर्षे उपयुक्त काम करून थकलेल्या मूळ देखभालकर्त्याचा विश्वास मिळवला होता. मग ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत, चाचणीसाठीच्या फाइलींत दडवून, घातक कोड घातला गेला. तो जुळवणाऱ्या स्क्रिप्टचा एक भाग सार्वजनिक गिट भांडारात नव्हताच. तो फक्त प्रसिद्ध केलेल्या गठ्ठ्यात होता. एसएसएचद्वारे लॉगइन होण्यास सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे पाहताना फ्रॉइंड यांना ही चोरवाट सापडली.

सप्टेंबर २०२५ मध्ये एनपीएमवर ‘शाय-हुलूद’ हा स्वतःहून पसरणारा वर्म आढळला. तो देखभालकर्त्यांच्या गुप्त किल्ल्या चोरून त्यांच्याच नावावर दूषित आवृत्त्या प्रसिद्ध करत असे.

हल्ल्यांचे प्रकार : प्रसिद्ध पॅकेजच्या नावात एखादे अक्षर इकडेतिकडे करून बनावट पॅकेज ठेवणे हा सर्वांत सोपा प्रकार. कंपनीच्या अंतर्गत पॅकेजचेच नाव सार्वजनिक भांडारात नोंदवून पॅकेज मॅनेजरला चकवणे याला डिपेंडन्सी कन्फ्यूजन म्हणतात. फसव्या ईमेलने देखभालकर्त्याचे खाते बळकावणे, बिल्ड सर्व्हरमध्ये शिरणे आणि एक्सझेडप्रमाणे विश्वास संपादन करून आत येणे हे इतर प्रकार होत. भाषा-प्रारूपांवर चालणारे मदतनीस कधीकधी अस्तित्वात नसलेल्या पॅकेजांची नावे सुचवतात. ती नावे आधीच नोंदवून ठेवण्याचा नवा प्रकारही दिसू लागला आहे.

साधने : पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्या व त्यांचे हॅश बांधून ठेवणारी लॉकफाइल हा पहिला बचाव आहे. सॉफ्टवेअरमधील सर्व घटकांची यंत्राला वाचता येणारी यादी, म्हणजे एसबॉम, ही औषधाच्या वेष्टनावरील घटकसूचीसारखी असते. तिचे एसपीडीएक्स आणि सायक्लोनडीएक्स हे दोन नमुने रूढ आहेत. डिपेंडाबॉट व ओएसव्ही-स्कॅनर ही साधने घटकांची ज्ञात त्रुटींशी पडताळणी करतात. सिगस्टोरमुळे पॅकेजवर स्वाक्षरी करून तिची सार्वजनिक नोंद ठेवणे सोपे झाले. कोणते बिल्ड कोठे व कसे झाले याचा पुरावा किती भक्कम असावा, याच्या पायऱ्या साल्सा या चौकटीत ठरवल्या आहेत. एकाच सोर्स कोडपासून कोणीही, कोठेही बिल्ड केले तरी बिटन् बिट सारखेच फळ यावे, असा पुनरुत्पादनक्षम बिल्डचा प्रयत्न डेबियन प्रकल्प अनेक वर्षे करत आहे.

मर्यादा : स्कॅनर ज्ञात त्रुटीच शोधतात आणि त्यांच्या इशाऱ्यांचा ढीग साचला, की महत्त्वाचा इशाराही दुर्लक्षित होतो. एसबॉममधून सॉफ्टवेअरमध्ये काय आहे ते कळते, पण ते सांभाळणारा माणूस किती थकलेला आहे ते कळत नाही. स्वाक्षरी कोणाची हे सांगते, हेतू सांगत नाही. जिया टॅनकडे आवृत्ती प्रसिद्ध करण्याचा रीतसर अधिकार होता. जगभरच्या उद्योगांचा भार वाहणाऱ्या कित्येक लायब्ररी आजही एकदोन जण फावल्या वेळात सांभाळतात.

नियमन : मे २०२१ मधील अमेरिकी अध्यक्षांच्या १४०२८ क्रमांकाच्या आदेशाने सरकारी खरेदीच्या संदर्भात एसबॉमला चालना मिळाली. भारतात सेबीने ऑगस्ट २०२४ मधील सायबर सुरक्षा चौकटीत शेअर बाजाराशी संबंधित संस्थांसाठी एसबॉमचा समावेश केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनेही एसबॉमविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा १० डिसेंबर २०२४ रोजी अमलात आला. तो उत्पादन विकणाऱ्यावर त्यात वापरलेल्या मुक्तस्रोत घटकांचीही जबाबदारी टाकतो आणि व्यापारी हेतूविना काम करणाऱ्या स्वयंसेवकांना वगळतो. हल्ल्यासाठी वापरात आलेल्या त्रुटी कळवण्याचे बंधन ११ सप्टेंबर २०२६ पासून आणि मुख्य तरतुदी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होण्याची मुदत त्यात घातलेली आहे.