उभ्या उभ्या बसलेले इंजिन

आपला जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. म्हणजे जिल्हा आणि आपली बॅच जवळजवळ एकाच वयाची. स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिही, असा निरोप आला तेव्हा किल्ल्यांपेक्षा आणि लढायांपेक्षा मला आपल्याच वयाचा एक इतिहास आठवला. तो आजही गावोगाव लिंबाखाली उभा आहे. पत्रा गंजलेला, टायर बसलेले आणि इंजिन जाम झालेला जुना ट्रॅक्टर!

मराठवाड्याच्या काळ्या रानात ट्रॅक्टर आला तो खोल नांगरटीसाठी. कुंदा आणि हरळी यांची मुळे खोल जातात. लोखंडी नांगराला चार-सहा बैल जुंपले तरी ती उपसताना माणूस आणि जनावर दोघेही थकत. १९४९ साली जागतिक बँकेने शेतीयंत्रांसाठी भारताला १ कोटी डॉलरचे कर्ज दिले, त्या काळी ट्रॅक्टर परदेशातूनच येत. १९५९ साली फरिदाबादहून देशात बनलेला पहिला आयशर निघाला. १९६३ साली महिंद्रने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर मुंबईत कंपनी काढली आणि बी-२७५ आला. पुढे झेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या मदतीने एचएमटी आला. १९७४ साली आलेल्या स्वराजचा आराखडा तर दुर्गापूरच्या आपल्या सरकारी संशोधन संस्थेत तयार झालेला. आपल्या वडिलांच्या पिढीतल्या अनेकांनी भूविकास बँकेचे कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला आणि सातबाऱ्यावर बोजा चढला.

ट्रॅक्टरला डिझेल लागते आणि डिझेलला पीक. २०१२-१३च्या दुष्काळात अंबड, घनसावंगी, बदनापूर भागांतल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, लोकांनी त्या मुळासकट काढल्या. अशा वर्षांत ट्रॅक्टर एकदा उभा राहिला की उभाच राहतो. २०२२ साली राज्य सरकारने भूविकास बँकेची थकीत कर्जे माफ केली. कागदावरचा बोजा उतरला. गंज मात्र सरकारी आदेशाने उतरत नाही.

तो चढतो कसा, हे पाहण्यासारखे आहे. जुन्या ट्रॅक्टरचा सायलेन्सर आभाळाकडे तोंड करून उभा असतो. चार सिलिंडरचे इंजिन कुठेही थांबले तरी एका तरी सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहतो. सायलेन्सरवर झाकण नसेल तर पावसाचे पाणी त्या वाटेने थेट पिस्टनच्या डोक्यावर जाते. पिस्टनच्या रिंगा बिडाच्या आणि स्लीव्हही बिडाची. दोन्हींना गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे केसाएवढी फट भरून जाते आणि रिंग स्लीव्हला धरून बसते. चारांपैकी एक पिस्टन अडला तरी सगळे इंजिन अडते, कारण चौघे एकाच क्रँकला बांधलेले.

माझ्या मामांचा ट्रॅक्टर परतूरकडे असाच आठ वर्षे उभा होता. मिस्त्रीकाका आले आणि पान्याला हात लावण्याआधी त्यांनी एकच विचारले, “चालता चालता बसला, का उभ्या उभ्या?”

“उभ्या उभ्या,” मामा म्हणाले.

“मग निघंल.”

या प्रश्नात अर्धी मेकॅनिकल इंजिनिअरिंग आहे. ॲल्युमिनियम बिडापेक्षा जवळजवळ दुप्पट फुगते. पाणी संपून इंजिन तापले की पिस्टन फुगून स्लीव्हमध्ये घासतो, खरवडला जातो. तिथे बहुतेक वेळा नवे सामानच घालावे लागते. उभ्या उभ्या बसलेल्या इंजिनात मात्र धातू पुष्कळदा शाबूत असतो, फक्त मध्ये गंज असतो.

माझ्या धंद्यात काही अडकले की पहिला सल्ला ठरलेला: बंद करून पुन्हा चालू करा. इथे तो उपयोगाचा नाही. काकांनी गिअर न्यूट्रलला टाकला, पंख्याचा पट्टा काढून डायनॅमो आणि पाण्याचा पंप मोकळे फिरतात का ते पाहिले. मग चारही नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइलचे मिश्रण ओतले आणि घरी निघून गेले. रोज थोडे मिश्रण घालायचे आणि थांबायचे. शेजाऱ्याने दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून काढू म्हटले तेव्हा मामांनीच हात जोडले. टॉप गिअरमध्ये ओढले तर चाकांचा सगळा जोर अडलेल्या पिस्टनवर येतो. कनेक्टिंग रॉड वाकतो, रिंग तुटते आणि तुटकी रिंग स्लीव्ह फाडते.

आठवड्याने फ्लायव्हीलच्या दातांत पहार अडकवून हलका जोर दिला, पुढे आणि मागे. अकराव्या दिवशी केसभर हलले. मग हेड उतरवले, स्लीव्हच्या भिंतीवरचा गंज पॉलिश पेपरने काढला आणि अडलेल्या पिस्टनवर बाभळीचा ठोकळा ठेवून हातोडा हळू चालवला. चेंबरमधले तेल सोडले तर आधी पाणीच आले. नवे तेल, नवे फिल्टर, नवी गॅस्केट बसली. नोझल लावण्याआधी इंजिन हाताने फिरवून वरचे सगळे मिश्रण बाहेर काढले. ते आत राहिले असते तर पहिल्याच सेल्फला रॉड वाकला असता.

हे शहाणपण जालन्यात जास्त मोलाचे आहे, कारण इथे दुसरा रस्ता फार जवळ आहे. आपले गाव बियाण्यांचे, तसेच सळईचे. औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांना भंगार लागतेच. दीड-दोन टनांचा ट्रॅक्टर वजनावर जातो, वितळतो आणि कुणाच्या तरी स्लॅबमध्ये सळई होऊन बसतो. ज्याला तातडीची नड आहे त्याला नावे ठेवता येत नाहीत. पण धुऱ्यावरच्या लहान शेतकऱ्याला नवा ट्रॅक्टर म्हणजे पुन्हा सातबाऱ्यावर बोजा, आणि सुटलेले इंजिन म्हणजे बोजाविना पेरणी.

विहिरीवरची ऑइल इंजिने दुरुस्त करता करता ट्रॅक्टरकडे वळलेली मिस्त्री मंडळी आता थकली आहेत. आपल्यापैकी ज्यांच्या गावी असे कोणी असतील, त्यांनी त्यांच्याजवळ एक दुपार बसून लिहून घ्यावे. आणि ज्यांच्या वाड्यात जुना ट्रॅक्टर उभा आहे, त्यांनी मृगाच्या आधी सायलेन्सरवर एक रिकामा डबा उपडा घालावा.