कंटेनर समूहावरील पहारा आणि बोरघाटातील सांधा

खंडाळ्याहून कर्जतकडे उतरणाऱ्या रेल्वेगाडीस बोरघाटात ठरावीक ठिकाणी थांबावेच लागते. ३७ फुटांमागे १ फूट असा येथील तीव्र उतार. त्यावर ब्रेक निकामी झाले तर गाडी आवरणे केवळ अशक्य होय. म्हणून या मार्गावर ‘कॅच सायडिंग’ची योजना आहे. येथील सांधा एरवी चढावर जाऊन संपणाऱ्या आडमार्गाकडे लावलेला असतो. गाडी थांबली, ब्रेक काबूत असल्याचे सिद्ध झाले, की मगच सांधा बदलून तिला मुख्य मार्गावर सोडले जाते. सारे ठीक आहे हे गाडीने दाखवून द्यावयाचे. तसे दाखवले नाही तर धोका गृहीत धरावयाचा, असे हे तत्त्व आहे.

संगणकांच्या जगात याच तत्त्वाची आज मोठी गरज भासते. बँकेचे व्यवहार, तिकिटांचे आरक्षण, रुग्णालयातील नोंदी अशा अनेक सेवा आता ‘कंटेनर’च्या स्वरूपात चालवल्या जातात. कंटेनर म्हणजे एखादा प्रोग्रॅम आणि त्यास लागणारी सर्व सामग्री यांचे एकत्र बांधलेले गाठोडे. अशी शेकडो गाठोडी अनेक संगणकांच्या समूहावर वाटून देण्याचे काम ‘कुबरनेटीस’ ही प्रणाली करते. गुगलने ती २०१४ मध्ये सर्वांसाठी खुली केली. एखादा कंटेनर बंद पडला तर ती दुसरा सुरू करते, आणि तोही कधीकधी निराळ्या संगणकावर. त्यामुळे अमुक यंत्रावर अमुक सेवा, अशी कायमची यादी करून पहारा ठेवण्याची जुनी पद्धत येथे निरुपयोगी ठरते.

या अडचणीवर सर्वाधिक रूढ झालेला उपाय म्हणजे ‘प्रोमिथियस’. साउंडक्लाउड या कंपनीत २०१२ मध्ये त्याची सुरुवात झाली. सध्या कोणते कंटेनर कोठे चालू आहेत, हे तो कुबरनेटीसलाच विचारतो आणि ठरावीक वेळाने प्रत्येकाकडे जाऊन आकडे गोळा करतो. वेगळी सूचना नसेल तर ही फेरी दर मिनिटाला होते आणि आकडे १५ दिवस जपले जातात. यंत्राची स्मृती, प्रोसेसर व डिस्क यांची माहिती ‘नोड एक्स्पोर्टर’ देतो. किती कंटेनर चालू असावयास हवेत आणि प्रत्यक्षात किती आहेत, हे ‘क्यूब-स्टेट-मेट्रिक्स’ सांगतो. आलेख पाहण्यासाठी ‘ग्राफाना’ वापरतात. हे सर्व उभे करणे एका दिवसाचे काम आहे. खरी कसोटी लागते ती इशारा केव्हा द्यावा हे ठरवताना.

नवशिका व्यवस्थापक प्रत्येक आकड्यावर इशारा लावतो. प्रोसेसर ८० टक्क्यांवर गेला की भ्रमणध्वनी वाजतो, रात्री दोनला वाजतो, आणि उठून पाहावे तर काहीच बिघडलेले नसते. आठवडाभरात पाळीवरील अभियंता दुर्लक्ष करू लागतो. आठव्या दिवशीचा इशारा मात्र खरा असतो! गुगलच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात चार गोष्टींवर भर दिला आहे: उत्तरास लागणारा वेळ, मागणीचे प्रमाण, चुकांचे प्रमाण आणि क्षमतेचा भराव. ग्राहकास प्रत्यक्ष जाणवेल तेवढ्यासाठीच माणसाला झोपेतून उठवावे. बाकीचे सकाळी पाहता येते. क्षणिक चढउतारांवर ओरड होऊ नये म्हणून, स्थिती सलग पाच मिनिटे टिकली तरच इशारा द्यावा, असा नियम करता येतो. एक अख्खे यंत्र बंद पडल्यास त्यावरील चाळीस कंटेनरांचे चाळीस संदेश येऊ नयेत, याची काळजी ‘अलर्टमॅनेजर’ घेतो. अर्थात ते त्यास आधी सांगून ठेवावे लागते.

कुबरनेटीसचा आपोआप सावरण्याचा गुणही कधीकधी फसवा ठरतो. नेमून दिलेल्या मर्यादेपेक्षा अधिक स्मृती वापरणारा कंटेनर मारला जातो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा मारला जातो. दोन प्रयत्नांतील अंतर १० सेकंदांपासून दुपटीने वाढत ५ मिनिटांपर्यंत जाते. वरवर सेवा चालू दिसते. ग्राहकांना मात्र मधूनमधून नकार मिळत असतो. म्हणून पुनःप्रारंभांची मोजणी इशाऱ्यांच्या यादीत हवीच.

इशारा दिला म्हणजे कर्तव्य संपले, हा समज किती घातक असतो, हे मावळाने अनुभवले आहे. इंदोरीजवळ कुंडमळा येथील इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी, रविवारच्या गर्दीत कोसळला आणि चौघांचा बळी गेला. पूल धोकादायक असल्याचा फलक तेथे होता. फलक वाचणाऱ्यांच्या हाती पूल बंद करण्याचा अधिकार नव्हता. संगणकीय इशाराही अशाच प्रकारे सर्वांच्या सामायिक पत्त्यावर जाऊन पडतो आणि तो आपल्यासाठी आहे असे कोणासच वाटत नाही. प्रत्येक इशाऱ्यावर कोणाचे तरी नाव असावे, ठरावीक मिनिटांत प्रतिसाद न आल्यास दुसऱ्याचे. आणि सोबत प्रथम काय तपासावे याचे चार ओळींचे टिपण.

राहता राहिला प्रश्न पहारेकऱ्याचाच. प्रोमिथियस बहुधा त्याच समूहात बसवलेला असतो. समूह कोसळला तर तोही कोसळतो, आणि मग सर्वत्र शांतता पसरते. येथे बोरघाटातील सांध्याची युक्ती कामी येते. कायम चालू राहणारा एक इशारा मुद्दाम ठेवावयाचा आणि तो समूहाबाहेरील एखाद्या स्वतंत्र सेवेकडे सतत पाठवत राहावयाचा. तो येणे थांबले की ती सेवा अभियंत्यास उठवते. ही व्यवस्था केल्यावर एके दिवशी, कामाच्या वेळात व सर्वांना पूर्वकल्पना देऊन, प्रोमिथियस स्वतःहून बंद करावा आणि भ्रमणध्वनी किती मिनिटांनी वाजतो ते घड्याळ लावून पाहावे.