प्रसूतिसोबती व कोविड महासाथ

प्रसूतिसोबती म्हणजे कळा सुरू झाल्यापासून बाळ जन्मेपर्यंत आणि नंतरचे काही तास बाळंतिणीजवळ थांबणारी तिच्या विश्वासातली व्यक्ती : नवरा, आई, सासू किंवा बहीण. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात २६ चाचण्यांतील १५ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती तपासली गेली. सतत सोबत मिळालेल्यांत सिझेरियनचे प्रमाण कमी आणि कळांचा काळ थोडा आखूड आढळला.

भारतात केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये सरकारी प्रसूतिकक्षांत सोबतिणीला मुभा दिली. ती स्वतः बाळंतपण अनुभवलेली नात्यातील स्त्री असावी, ही अट होती. नवऱ्याला आडोशाची सोय असेल तिथेच प्रवेश होता. त्यामुळे महासाथीपूर्वीही बहुतेक नवरे लेबर रूमच्या दाराबाहेरच असत. महासाथीने त्यांना रुग्णालयाच्या फाटकाबाहेर नेले आणि सोबतिणीची जागाही धोक्यात आणली.

जबलपूरचे उदाहरण पाहा. मध्य प्रदेशातील पहिले कोविड रुग्ण २० मार्च २०२० रोजी याच शहरात आढळले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली; प्रवासी रेल्वे त्याआधीच थांबल्या होत्या. जबलपूरच्या राइट टाउनसारख्या वस्त्यांतील ज्या मराठी कुटुंबांचे माहेर नागपूर-विदर्भात, त्यांच्यासाठी पहिल्या बाळंतपणाची माहेरची वाट राज्याच्या सीमेवर अडली. आईला लेकीकडे येणेही तितकेच अवघड झाले. शहरात स्त्रियांसाठी लेडी एल्गिन हे सरकारी रुग्णालय आहे. पण खाट मिळाली तरी हात धरणारे माणूस मिळेलच, याची हमी उरली नाही.

परदेशातही असेच घडले. न्यूयॉर्कमधील काही रुग्णालयांनी मार्च २०२० मध्ये जोडीदारांना पूर्ण बंदी केली. २८ मार्चच्या राज्याच्या आदेशाने एका सोबत्याची मुभा परत आली. इंग्लंडमध्ये अनेकींनी सोनोग्राफीच्या खोलीत गर्भ दगावल्याची बातमी एकटीने ऐकली, तेव्हा नवरे बाहेर गाडीत बसून होते. संसर्ग असलेल्या स्त्रीलाही आपल्या पसंतीचा सोबती मिळावा, अशी भूमिका जागतिक आरोग्य संघटनेने महासाथीतही कायम ठेवली.

बाहेर ठेवलेल्या जोडीदारांच्या अनुभवांत असहायता, बातमीची तासन्‌तास वाट पाहणे आणि बाळाचे पहिले दर्शन फोनवर होणे, या गोष्टी वारंवार येतात. सोबत्याला भेटायला आलेल्या पाहुण्यांत मोजले, हे या बंदीचे मूळ. खरे तर सोबती हा शुश्रूषेचा भाग आहे. पुढच्या साथीत लक्षणे तपासून, मास्क देऊन एका सोबत्याला आत ठेवण्याची तरतूद आधीच लेखी असायला हवी.