अर्ध्या सुताची लक्ष्मी

हुबळीच्या केशवापुरातल्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये दर शुक्रवारी पूजेआधी आजी लक्ष्मीच्या तसबिरीवरची काजळी पुसायची. रूळ हाकेच्या अंतरावर, आणि इंजिनं कोळशाची. काचेच्या आत तळं, कमळं, माळ घेतलेला हत्ती. काचेवर शंटिंगच्या इंजिनाचा धूर. फडकं काळं झालं की आजी शेजारणीला कानडीत म्हणायची, देवीसुद्धा रेल्वेत नोकरीला लागली!

बाबा वर्कशॉपात फिटर. सदर्न मराठा रेल्वेच्या काळातलं, 1885 चं ते वर्कशॉप. भोंगा झाला की अख्खं केशवापूर घड्याळं लावी. तसबिरीपुढे बाबा क्वचितच हात जोडत. पण एकदा चष्मा चढवून जवळ गेले आणि म्हणाले, "लाल अर्धा सूत सरकलाय." खरंच, पदराचा लाल काठाबाहेर सांडला होता.

शिळाछापात असं होतं. रंग तितके दगड. दगडावर तेलकट शाईने रेखायचं, मग पाणी फिरवायचं. तेल शाई धरतं, पाणी झिडकारतं. एकच ताव पुन्हा पुन्हा, दर वेळी नेमक्या त्याच जागी बसवायचा. यासाठी सर्वांत नावाजलेला दगड बव्हेरियातल्या सोल्नहोफेनचा. सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राच्या तळाचा चिखल तो. त्याच खाणींत पिसांच्या पाखराचा जीवाश्म मिळाला, आणि 1861 साली त्याच्या नावातही छपाई आली: आर्किऑप्टेरिक्स लिथोग्राफिका.

आमच्या तसबिरीखाली बारीक अक्षरांत छापखान्याचा पत्ता होता, कार्ला-लोणावळा. राजा रविवर्म्याने 1894 साली मुंबईत जर्मन यंत्रं आणून छापखाना काढला. पहिलं चित्र शकुंतलेच्या जन्माचं: अरण्य, ऋषी, अप्सरा. मग प्लेगने मुंबईला ग्रासलं आणि 1899 साली छापखाना मुंबई-पुणे लोहमार्गावरच्या, कार्ला-लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. पुढे तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. 1972 च्या आगीत तो जळाला.

मळवली स्टेशनातून लोहगड, विसापूर दिसतात. पावसाळ्यात त्यांच्या अंगावरून पाणी उतरत असतं. कामगार जेवायला बाहेर आले की समोर हेच असणार, आणि आत छापायचं ते कोणत्याच गावचं नसलेलं तळं. दगड, कागद, तयार ताव यांची ने-आण रेल्वेवाचून कशी झाली असती? तरी या देवदेवतांच्या छापांत मी आगगाडी शोधली, ती मला एकदाही सापडली नाही. गिऱ्हाइकाला ती नकोच असावी. रोज धूर गिळणाऱ्या आजीला तरी तो भिंतीवर कशाला हवा होता?

तसबीर आता माझ्याकडे आहे. काजळी धरत नाही. आजीने मात्र ती वर्षानुवर्षं उन्हाच्या भिंतीवर ठेवली होती, त्यात लाल उडत गेला. बाबांनी दाखवलेला अर्धा सूत आता दिसत नाही.