मुक्तस्रोताशी मायक्रोसॉफ्टची सोयरीक

जून २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकारी स्टीव्ह बाल्मर यांनी एका अमेरिकी दैनिकाला दिलेल्या मुलाखतीत लिनक्सला चक्क कर्करोगाची उपमा दिली होती. ऑक्टोबर २०१४ मध्ये त्याच कंपनीचे नवे मुख्य कार्यकारी अधिकारी, मूळचे हैदराबादचे सत्या नडेला, सॅन फ्रान्सिस्कोतील व्यासपीठावर उभे राहिले, तेव्हा त्यांच्यामागील पडद्यावर 'मायक्रोसॉफ्टचे लिनक्सवर प्रेम आहे' अशा अर्थाची अक्षरे झळकत होती. अवघ्या तेरा वर्षांत शत्रू सोयरा झाला. पुढे मे २०२० मध्ये कंपनीचे अध्यक्ष ब्रॅड स्मिथ यांनी, मुक्तस्रोताच्या बाबतीत आपण इतिहासाच्या चुकीच्या बाजूला उभे होतो, अशी जाहीर कबुलीही दिली.

बाजारावर पकड असलेली कंपनी आपल्याच प्रतिस्पर्ध्याची कार्यपद्धती का स्वीकारते आणि तो स्वीकार कितपत खरा असतो, हे समजून घेण्यासाठी मायक्रोसॉफ्टइतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

मुक्त म्हणजे फुकट नव्हे

संगणकाची कोणतीही आज्ञावली प्रथम माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिली जाते. ही तिची मूळ संहिता, म्हणजेच सोर्स कोड. ग्राहकाच्या हाती पडते ती बहुधा यंत्राला कळेल अशा रूपातील प्रत. ती चालवता येते, पण वाचता किंवा दुरुस्त करता येत नाही. मुक्तस्रोत पद्धतीत मूळ संहिताच खुली केली जाते. ती वापरण्याचा, अभ्यासण्याचा, बदलण्याचा आणि बदललेली प्रत इतरांना देण्याचा हक्क परवान्यानेच मिळतो.

या विचाराची पायाभरणी रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा करून केली. १९८९ मध्ये त्यांनी 'जनरल पब्लिक लायसन्स', म्हणजे जीपीएल हा परवाना सिद्ध केला. त्याची मेख अशी की, या परवान्याखालील संहितेत भर घालून ती इतरांना देणाऱ्याने आपली भरही त्याच अटींवर खुली केली पाहिजे. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोर्वाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा तयार केला आणि लवकरच तो याच परवान्याखाली आणला. 'ओपन सोर्स' हे नाव मात्र १९९८ मध्ये रूढ झाले. एमआयटी किंवा अपाची यांसारखे दुसऱ्या जातीचे परवाने अधिक सैल आहेत. त्यांच्याखालील संहिता घेऊन कोणीही तिचे बंदिस्त उत्पादन करू शकतो. कंपन्यांचा ओढा सहसा या सैल परवान्यांकडे का असतो, हे यावरून लक्षात यावे.

वैराची मुळे

मायक्रोसॉफ्टचे वैर केवळ स्वभावातले नव्हते, ते तिच्या व्यवसायातच रुजलेले होते. फेब्रुवारी १९७६ मध्ये, कंपनी जेमतेम वर्षभराची असताना, बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना उद्देशून एक अनावृत पत्र लिहिले. आमची 'बेसिक' ही आज्ञावली तुम्ही पैसे न देता एकमेकांना वाटता, ही चोरी आहे, असा त्याचा रोख होता. पुढील चार दशके कंपनीची भरभराट याच सूत्रावर झाली. आज्ञावली तयार करण्यास अफाट खर्च येतो, पण तिची दुसरी प्रत काढण्यास जवळजवळ काहीच लागत नाही. तेव्हा प्रत्येक प्रतीमागे परवानाशुल्क मिळणे हाच नफ्याचा झरा. विंडोज आणि ऑफिस या दोन उत्पादनांनी हा झरा अखंड वाहता ठेवला.

अशा व्यवसायाला लिनक्सची धास्ती वाटणे स्वाभाविक होते. १९९८ च्या अखेरीस कंपनीची काही अंतर्गत टिपणे बाहेर फुटली. 'हॅलोविन दस्तऐवज' या नावाने ती ओळखली जातात. मुक्तस्रोत आज्ञावल्या गुणवत्तेत व्यापारी आज्ञावल्यांच्या तोडीच्या असू शकतात, अशी कबुली त्यांत होती. त्यांना रोखण्यासाठी संगणकांमधील संवादाच्या सर्वमान्य नियमांत आपली खास भर घालावी, अशी सूचनाही होती. ही रीत नवी नव्हती. जावा या भाषेत विंडोजपुरते बदल केल्यावरून सन मायक्रोसिस्टीम्सने १९९७ मध्येच मायक्रोसॉफ्टला न्यायालयात खेचले होते. 'कवेत घ्या, भर घाला, संपवून टाका' ही त्रिसूत्री अमेरिकी सरकारच्या मक्तेदारीविरोधी खटल्यातही गाजली.

पुढचे हत्यार पेटंटचे. लिनक्स व तत्सम आज्ञावल्यांमुळे आपल्या २३५ पेटंटांचा भंग होतो, असा दावा कंपनीने २००७ मध्ये केला. पुढे अँड्रॉइड फोन बनवणाऱ्या अनेक कंपन्यांकडून तिने पेटंटपोटी शुल्कही वसूल केले. अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्सचाच गाभा आहे.

पहिली पावले नाइलाजाची

तरीही बदलाची सुरुवात २०१४ च्या बरीच आधी झाली होती. २००१ मध्ये कंपनीने 'शेअर्ड सोर्स' नावाची योजना आणली. निवडक ग्राहकांना संहिता पाहता येई, पण हक्क मिळत नसत. काचेआडची मिठाई असे तिचे स्वरूप होते. एप्रिल २००४ मध्ये 'विक्स' हे विंडोजवरील आज्ञावल्यांची स्थापना करण्याचे साधन खऱ्याखुऱ्या मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झाले. अशा परवान्याखाली आलेला हा कंपनीचा पहिला प्रकल्प.

याच सुमारास युरोपातून दणका बसला. मार्च २००४ मध्ये युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला सुमारे ४९ कोटी ७० लाख युरोंचा दंड ठोठावला. विंडोज सर्व्हरशी इतर संगणकांनी संवाद कसा साधावा, याची माहिती स्पर्धकांना द्यावी, असा आदेशही दिला. सप्टेंबर २००७ मध्ये युरोपीय न्यायालयाने तो निर्णय मुख्यतः कायम केला. त्याच डिसेंबरात 'साम्बा' या मुक्तस्रोत प्रकल्पाच्या वतीने केवळ १० हजार युरो एकदाच भरून ही माहिती मिळवण्यात आली. लिनक्स संगणकाला विंडोजच्या जाळ्यात फायली आणि प्रिंटर वापरू देणारी ही आज्ञावली तोवर निव्वळ निरीक्षण आणि तर्क यांच्या बळावर उभी राहिली होती.

जुलै २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने लिनक्सच्या गाभ्यासाठी ड्रायव्हरच्या सुमारे २० हजार ओळी दिल्या, त्याही जीपीएलखाली. यामागे औदार्य नव्हते. एकाच यंत्रावर अनेक आभासी संगणक चालवणारे 'हायपर-व्ही' हे उत्पादन कंपनीला विकायचे होते आणि ग्राहकांना त्यावर लिनक्सही चालवायचे होते. ते वेगाने चालायचे, तर लिनक्सच्या गाभ्यात आपली संहिता हवी, आणि त्या घरात प्रवेश जीपीएलच्या उंबरठ्यावरूनच.

टोलनाका हलला

खरा बदल घडवला तो क्लाउडने. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने 'विंडोज अ‍ॅझ्युर' ही सेवा सुरू केली. आज्ञावलीची प्रत विकण्याऐवजी आपल्या केंद्रातील संगणकशक्ती भाड्याने द्यायची, असे तिचे स्वरूप. पण ॲमेझॉन या क्षेत्रात आधीच पाय रोवून बसली होती आणि महाजालावरील सर्व्हरांचा मोठा वाटा लिनक्सवर चालत होता. लिनक्सला मज्जाव करणे म्हणजे आलेले गिऱ्हाईक दारातून परत पाठवणे. २०१२ मध्ये या सेवेवर लिनक्सला जागा मिळाली आणि २०१४ मध्ये सेवेच्या नावातून 'विंडोज' हा शब्दच गळाला. नाव झाले 'मायक्रोसॉफ्ट अ‍ॅझ्युर'.

येथे अर्थशास्त्रातील एक साधा नियम कामी येतो. चहा स्वस्त झाला की साखरेचा खप वाढतो. संगणकशक्तीचे भाडे हेच उत्पन्न असेल, तर ती शक्ती वापरणारी आज्ञावली जितकी स्वस्त आणि विपुल, तितके चांगले. टोलनाका आज्ञावलीवरून हलून यंत्राच्या वापरावर आला आणि कालचा स्पर्धक आजचा पूरक ठरला.

मग निर्णयांचा ओघ सुरू झाला. नोव्हेंबर २०१४ मध्ये 'डॉट नेट'चा गाभा खुला करण्याची घोषणा झाली. नोव्हेंबर २०१५ मध्ये 'व्हिज्युअल स्टुडिओ कोड' या संपादकाची संहिता एमआयटी परवान्याखाली आली. पुढे जगभरातील प्रोग्रामरांनी हा संपादक डोक्यावर घेतला. २०१६ मध्ये विंडोजच्या आतच लिनक्सच्या आज्ञावल्या चालवण्याची सोय झाली आणि नोव्हेंबरमध्ये कंपनी लिनक्स फाउंडेशनची सदस्य झाली. २०१७ मध्ये 'एसक्यूएल सर्व्हर' हा तिचा डेटाबेस लिनक्सवर उपलब्ध झाला. जून २०१८ मध्ये 'गिटहब' साडेसात अब्ज डॉलरच्या समभागांच्या मोबदल्यात घेण्याचे ठरले. २ कोटी ८० लाखांवर प्रोग्रामर जेथे आपली संहिता ठेवत होते, ती ही चावडी. त्याच ऑक्टोबरात कंपनीने 'ओपन इन्व्हेन्शन नेटवर्क'मध्ये प्रवेश करून ६० हजारांहून अधिक पेटंटे लिनक्सविरुद्ध न वापरण्याचे बंधन स्वीकारले. या साऱ्या निर्णयांत सर्वाधिक वजनाचा हाच मानावा लागेल, कारण येथे कंपनीने नुसते काही दिले नाही, तर हातचे हत्यार खाली ठेवले.

मिठी की विळखा?

दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. जुने मुक्तस्रोतवाले आजही साशंक आहेत आणि त्यांना कारणेही आहेत. विंडोजची मुख्य संहिता आणि ऑफिस बंदिस्तच आहेत. व्हिज्युअल स्टुडिओ कोडची संहिता खुली असली, तरी कंपनी वितरित करते ती तयार प्रत वेगळ्या, बंदिस्त परवान्याखाली येते. तिच्या पूरक आज्ञावल्यांचे अधिकृत भांडार इतरांनी बनवलेल्या प्रतींना वापरण्याची मुभा नाही, शिवाय कंपनीच्या काही महत्त्वाच्या पूरक आज्ञावल्या बंदिस्त आहेत. घर सर्वांचे, पण किल्ल्या एकाकडे.

ऑक्टोबर २०२१ मध्ये याची चुणूक दिसली. आज्ञावली चालू असतानाच तिच्यात बदल करू देणारी 'हॉट रीलोड' ही सोय डॉट नेटच्या खुल्या साधनांतून ऐनवेळी काढून टाकण्यात आली. ती 'व्हिज्युअल स्टुडिओ' या कंपनीच्या बंदिस्त उत्पादनापुरती राखण्याचा बेत होता. प्रोग्रामरांनी, कंपनीतील काहींनीही, गदारोळ केला आणि काही दिवसांतच निर्णय मागे घ्यावा लागला. परवाना खुला असला, तरी निर्णयाची खोली बंद असू शकते, हा यातील धडा.

त्याच वर्षी आलेल्या 'गिटहब कोपायलट'ने दुसरा प्रश्न उभा केला. लाखो लोकांनी खुल्या मनाने मांडलेल्या संहितेवर शिकवलेली ही कृत्रिम बुद्धिमत्ता शुल्क घेऊन विकली जाऊ लागली. मूळ लेखकांचा नामोल्लेख आणि परवान्याच्या अटी यांचे काय, असे विचारत काही प्रोग्रामरांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत दावा लावला. त्यातील बहुतेक आरोप २०२४ पर्यंत न्यायालयाने फेटाळले. पण सार्वजनिक विहिरीवर खासगी पंप बसवावा का, हा प्रश्न कायद्याने सुटला तरी मनातून सुटत नाही.

स्वीकाराच्या कसोट्या

या इतिहासातून बलाढ्य कंपनीचा मुक्तस्रोत-स्वीकार पारखण्याच्या चार कसोट्या हाती लागतात. पहिली, परवाना: संहिता नुसती दाखवली आहे की हक्कांसह दिली आहे? दुसरी, पेटंट: एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेता येणार नाही, याची लेखी हमी आहे का? तिसरी, कारभार: प्रकल्पाची दिशा ठरवताना कंपनीबाहेरच्या योगदात्यांना मत आहे का? चौथी, पायवाट: उद्या कंपनीचे मन फिरले, तर वापरणाऱ्यांना बाहेर पडता येईल का?

पहिल्या दोन कसोट्यांवर मायक्रोसॉफ्टने बरीच मजल मारली आहे. तिसरीवर ती अडखळते. चौथीचे बळ मात्र कंपनीच्या मर्जीवर नव्हे, तर खुद्द मुक्त परवान्यावर अवलंबून आहे, कारण तो वेगळी चूल मांडण्याचा हक्क देतो. ओरॅकलने सन मायक्रोसिस्टीम्स विकत घेतल्यावर 'ओपनऑफिस'च्या कार्यकर्त्यांनी २०१० मध्ये 'लिब्रेऑफिस' उभे केले. 'मायएसक्यूएल'मधून 'मारियाडीबी' निघाले तेही याच हक्काच्या आधारे. असे विभाजन खर्चिक आणि क्लेशदायक असते. पण ते शक्य आहे, एवढ्यानेही बलवानाचा हात आखडतो.

भारत सरकारने २०१५ मध्ये जाहीर केलेल्या धोरणानुसार सरकारी यंत्रणांनी मुक्तस्रोत आज्ञावल्यांना प्राधान्य द्यावयाचे आहे. त्यामुळे या कसोट्या केवळ प्रोग्रामरांपुरत्या नाहीत. एखादे खाते क्लाउडवर मुक्तस्रोत आज्ञावली चालवत असेल, पण तिथून आपली माहिती दुसरीकडे हलवणेच त्याला परवडत नसेल, तर परवान्यातील स्वातंत्र्य कागदावरच राहते. परवानाशुल्काची बेडी जाऊन भाड्याची आली, इतकाच फरक.

कंपनीचे मन बदलले की हिशेब, हा वाद म्हणूनच दुय्यम ठरतो. व्यापाऱ्याने हिशेब पाहूनच पाऊल टाकावे, यात गैर काही नाही. मात्र हिशेब बदलला की पाऊलही वळते. तेव्हा जो खुलेपणा कोणाच्या प्रेमावर विसंबून आहे, तो टिकेलच असे नाही. जो परवान्याच्या अक्षरांत आणि वेगळी चूल मांडण्याच्या तयारीत आहे, त्यावर मात्र भरवसा ठेवता येतो.