जयबाण आणि वज्रगड

जयपुरास बदली होऊन आलेल्या मराठी माणसाकडे पाहुणे आले, की त्यांना जयगड दाखवावाच लागतो. आणि जयगडावर गेले, की जयबाण तोफेपुढे उभे राहणे ओघानेच येते. सवाई जयसिंहाच्या कारकिर्दीत, १७२० मध्ये, याच गडावरील ओतशाळेत ही तोफ ओतली गेली. वजन सुमारे ५० टन, नळीची लांबी २० फुटांहून थोडी अधिक, तोंडाचा व्यास ११ इंच. एका बारास १०० किलो दारू आणि ५० किलोंचा गोळा. चाचणीसाठी ती एकदाच उडविली, गोळा दूर चाकसूजवळ पडला आणि तेथे तळे झाले, अशी दंतकथा वाटाडे मोठ्या उत्साहाने सांगतात. तळ्याचे काय ते असो. युद्धात मात्र या तोफेने एकही तट फोडलेला नाही.

शस्त्र मोठे असले म्हणजे समोरची वस्तू फुटतेच, अशी आपली भाबडी समजूत असते. गंमत अशी, की ही समजूत खोडून काढणारे नियम अलीकडे एका खेळात सापडतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा फाशांचा कल्पनारम्य खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत निघाला. त्याच्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत वस्तूंच्या काठिण्याला चक्क अंक दिले आहेत : लाकडाला ५, दगडाला ८, लोखंडाला १०. घावाचा जोर त्या अंकाहून अधिक नसेल, तर वस्तूचे काहीच बिघडत नाही. शिवाय गदेने दोर तुटत नाही, आणि दगडी भिंतीपुढे तलवार जवळजवळ निरुपयोगी. तेथे टिकाव किंवा घणच हवा, असेही बजावलेले आहे. म्हणजे जोराइतकाच शस्त्राचा आणि वस्तूचा मेळ महत्त्वाचा. मुलांच्या खेळातील हा नियम आपल्या इतिहासात मात्र माणसांच्या प्राणांनिशी शिकला गेला, आणि तो शिकणाऱ्यांत आंबेरचे कछवाह घराणे अग्रभागी होते.

अकबराने १५६७ मध्ये चितोडला वेढा घातला, तेव्हा आंबेरचा भगवंतदास त्याच्या छावणीत होता. तटाखाली दोन सुरुंग पेरले होते. ते एकदमच उडावयाचे. पण एक आधी उडाला आणि दुसरा मागाहून. पहिल्या स्फोटाने पडलेल्या खिंडारात धावून गेलेले बादशाही शिपाईच दुसऱ्या स्फोटात सापडले आणि दोनशेच्या आसपास माणसे गेली. तट फुटला खरा, परंतु फोडणाऱ्यांवरच कोसळला. पुढे १५६९ मध्ये रणथंभोरला निराळी युक्ती झाली. शेजारच्या ‘रण’ नावाच्या टेकडीवर तोफा ओढून चढविल्या आणि तेथून किल्ल्यावर मारा केला. थोड्याच दिवसांत सुर्जन हाडा तहास आला. जी भिंत पायथ्याकडून अभेद्य, ती शेजारच्या उंचीवरून उघडी पडते, हा धडा तेथे मिळाला.

हा धडा शंभर वर्षांनी आपल्या मुलखात गिरविला गेला. मानसिंहाचा पणतू मिर्झाराजे जयसिंह १६६५ च्या मार्चअखेरीस पुरंदरास येऊन भिडला. पुरंदर उंच आणि बळकट. पण त्याच्याच डोंगराच्या कण्यावर, पूर्वेस, वज्रगड उभा आहे. जयसिंहाने आधी वज्रगड धरला. मोठ्या तोफा डोंगरावर चढविण्याचे काम चालले. एकेक तोफ चढवावयास तीन-तीन दिवस लागले. गोळ्यांनी बुरुजाचा पाया खिळखिळा झाला, मग बेलदारांनी खणावयास सुरुवात केली. तोफेने सुरू केलेले काम टिकावाने पुरे झाले. १४ एप्रिलला वज्रगडाची शिबंदी शरण आली. जयसिंहाने तिला कापून काढले नाही. नायकांना मानाची वस्त्रे दिली, शस्त्रे ठेवून घेतली आणि सर्वांना घरोघर जाऊ दिले. पुरंदरावरील शिबंदीने हे पाहावे, हा त्यातला हेतू. तटापूर्वी तटावरच्या माणसाचा निर्धार फोडावा, हे त्या मुरब्बी सेनापतीला ठाऊक होते.

पण पुरंदरावर मुरारबाजी देशपांडे होते. तो निर्धार फुटला नाही. वरून दगड, पेटते तेल आणि दारूच्या पिशव्या पडत राहिल्या. खालून लाकडी दमदमा उभारून मोगलांनी बुरुजांवर मारा धरला. मुरारबाजी रणात पडले तरी शिबंदी लढत राहिली. जूनच्या आरंभापर्यंत माचीचे पाच बुरूज गेले. बालेकिल्ला मात्र अखेरपर्यंत हाती लागला नाही. ११ जूनला शिवाजी महाराज जयसिंहाच्या डेऱ्यात आले, आणि त्यांना डेऱ्यातून दिसेल अशा बेताने गडावर हल्ला चढविण्यात आला. तहात २३ किल्ले द्यावे लागले. मराठी मनाला हा आकडा अजून सलतो. परंतु हे किल्ले मोडून घेतलेले नव्हते, सोडून दिलेले होते. ज्यांनी ते सोडले त्यांचे बळ शाबूत राहिले. म्हणूनच १६७० च्या फेब्रुवारीत कोंढाणा आणि मार्चमध्ये पुरंदर परत आला. कोंढाण्याला तर एक दगडही फोडावा लागला नाही. कड्याला लावलेले दोर पुरेसे झाले.

आपणा सरकारी नोकरांना अनुभवाने माहीत असते, की नियमामागे बहुधा एखादी दुर्घटना असते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील दुर्गांचे प्रकरण या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. हा ग्रंथ १७१५ च्या सुमाराचा. पुरंदरचा वेढा पडला तेव्हा पंत पंधरा वर्षांच्या आतबाहेर होते. ते सांगतात : गडाजवळ दुसरा डोंगर असू नये, असल्यास सुरुंग लावून तो गडाच्या माऱ्याखाली आणावा, ते साधत नसेल, तर ती जागा मोकळी न ठेवता बांधून बळकट करावी. हे कलम वाचताना वज्रगड आठवल्यावाचून राहत नाही. वज्रगड तर बांधलेलाही होता. तो पडताच तोच पुरंदरावर रोखला गेला. दरवाजा समोरून थेट माऱ्यात येऊ नये, त्यापुढे बुरूज देऊन वाट त्यांच्या आटोक्यात ठेवावी, एकच दरवाजा ठेवू नये, चोरदिंड्या असाव्यात, हेही तेथे आहे. इतकेच काय, लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात, म्हणून झऱ्यावर विसंबू नये, पाण्याची टाकी खोदून ठेवावी, असा इशारा आहे. तोफ ज्या वस्तूवर रोखलेली नसते तीही मोडू शकते, हे लिहिणाऱ्याने गड लढताना पाहिलेला असला पाहिजे.

अमात्यांच्या लेखणीनंतर सुमारे पाच वर्षांनी जयबाण ओतली गेली. ती ओतविणारा सवाई जयसिंह मिर्झाराजांचा खापरपणतू. कारागिरी अलौकिक, यात शंका नाही. परंतु जी तोफ दुसऱ्या डोंगरावर चढविता येत नाही, तिला पुरंदर कधीच फोडता आला नसता. पणजोबांच्याही वडिलांनी जी विद्या वापरली ती ओढून नेता येईल अशा तोफांची, बेलदारांची आणि धीराची होती. जयबाण हे सामर्थ्याचे प्रदर्शन होते. तिचा धाक मोठा असेल. पण धाकाचाही मारा सगळीकडे पोहोचत नाही.

हे जयपूरनेच पुढे अनुभवले. खंडणीच्या तगाद्यासाठी मल्हारराव होळकर चालून येत असता डिसेंबर १७५० मध्ये सवाई ईश्वरीसिंहाने आत्महत्या केली आणि शहर लढाईवाचून होळकरांच्या हाती आले. तट जागच्या जागी, वेशी शाबूत, जयबाण डोंगरावर मुकाट. मात्र गोष्ट येथे संपत नाही. मागण्या वाढत गेल्या, आणि १० जानेवारी १७५१ रोजी शहर पाहावयास बेसावधपणे आत आलेल्या मराठ्यांवर लोक उठले. वेशी बंद झाल्या. असंख्य माणसे मारली गेली. तटावरून उड्या टाकणाऱ्यांचे हातपाय मोडले. शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी बांधलेला तट त्या दिवशी आत सापडलेल्यांचा तुरुंग झाला.

पुरंदरची आठवण आपण मराठी माणसे अभिमानाने जपतो. जयपूरची ही आठवण जपण्याचे आपण सहसा टाळतो. दोन्ही एकाच वहीत लिहावयास हव्यात. पुरंदरावर तट ढासळले आणि माणसांचा निर्धार टिकला. जयपुरात तटाला ओरखडाही न येता दोन राज्यांमधला विश्वास फुटला. दगड आणि लोखंड यांना अंक देता येतात, टिकावाने त्यांचे मोजमाप करता येते. त्या विश्वासाची किंमत आमच्या पूर्वजांनी खंडणीच्या हिशेबात कधी धरलीच नाही, आणि ती चूक आज जयपुरात राहून, येथल्या लोकांच्या सौजन्यावर जगणाऱ्या आपल्याला अधिक स्पष्ट दिसावयास हवी.